गुडघ्याची झीज आणि फिजिओथेरपी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, 'झीज आहे, वजन कमी करा, फिजिओथेरपी घ्या' असं सांगितलं आणि चिठ्ठी हातात दिली. बहुतेक लोक इथपर्यंत येतात आणि पुढे गोंधळतात. फिजिओथेरपी म्हणजे करंट लावतात ते का? किती दिवस? त्याने झीज भरून येते का? व्यायामाने उरलीसुरली गादीही घासून गेली तर? शेजारच्या मावशी सांगतात चालणं बंद करा, व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ सांगतो रोज पाच किलोमीटर चाला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोज गुडघ्याचे पेशंट पाहताना एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगावीशी वाटते: या दुखण्यात खरा उपचार मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंत ताकद आणणं हा आहे, आणि ते काम तुमच्या घरी, तुमच्या हातून होतं. मशीन, शेक, पट्टा, तेल हे सगळं त्याच्या आजूबाजूचं.

गुडघ्यात नेमकं काय झालेलं असतं

मांडीचं हाड, नडगीचं हाड आणि पुढे वाटी, अशी गुडघ्याची रचना. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिलाच आपण गादी म्हणतो. वयाबरोबर, वजनामुळे, जुन्या दुखापतीमुळे किंवा घराण्यातल्या प्रवृत्तीमुळे ही कूर्चा पातळ होत जाते, कडेला हाडाची टोकं वाढतात, आतल्या पातळ आवरणाला अधूनमधून सूज येते. बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हे प्रमाण जास्त दिसतं.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि सांध्यावर दाब येणं, सुटणं, पुन्हा येणं या क्रियेतूनच ते वंगण आत-बाहेर फिरतं. म्हणून गुडघा महिनोन्‌महिने हलवायचाच नाही हे त्याच्यासाठी वाईट. दुखतंय म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून मांडी बारीक, मांडी बारीक म्हणून प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर, आणि त्यामुळे आणखी दुखणं. हे चक्र तोडण्यासाठीच व्यायाम.

एक्स-रेवर 'ग्रेड २', 'ग्रेड ३' असं लिहिलेलं असतं. ही १९५७ सालापासून चालत आलेली पद्धत आहे, शून्य ते चार अशा पायऱ्यांची. पण ग्रेड आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. ग्रेड ४ असून बाजारहाट करणारे लोक असतात आणि ग्रेड १ असून जिन्यापाशी थबकणारेही असतात. कागदावरचा आकडा पाहून 'आता संपलं' असं ठरवू नका. व्यायामाने एक्स-रे बदलत नाही, गेलेली कूर्चा परत उगवत नाही. पण उठणं, बसणं, चालणं आणि दुखणं बदलू शकतं, आणि माणसाला त्याचीच गरज असते.

आधी हे तपासा

पुढचं वाचण्याआधी काही गोष्टींची खात्री करा. गुडघा लालसर, गरम, टरटरून सुजला आहे आणि अंगात ताप आहे, तर व्यायामाचं नावही काढू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडल्यानंतर पायावर भारच देता येत नसेल, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल, वजन कारणाशिवाय घटत असेल किंवा दुखणं रात्रभर झोपू देत नसेल, तरीही आधी डॉक्टर. सकाळी सांधे तासभर आखडलेले राहतात, बोटांचे सांधेही सुजतात, असं असेल तर तो वेगळ्या प्रकारचा संधिवात असू शकतो आणि त्याची औषधं वेगळी असतात. झिजेच्या गुडघ्यात सकाळचं आखडणं साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतं.

आणखी एक. खुब्याच्या सांध्याचं दुखणं कधीकधी फक्त गुडघ्यात जाणवतं, कमरेतल्या दबलेल्या नसेची कळही खाली उतरते. म्हणून चांगला फिजिओ गुडघा पाहताना खुबा आणि कंबरही हलवून बघतो.

फिजिओ कसा निवडायचा, पहिल्या दिवशी काय होतं

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे होते. नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नका. खासगी क्लिनिक परवडत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयांचे आणि फिजिओथेरपी कॉलेजांचे बाह्यरुग्ण विभाग असतात, तिथे खर्च खूप कमी येतो. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे.

पहिल्या भेटीला सैल पायजमा किंवा गुडघ्याच्या वर सरकेल असा कपडा घाला. साडी असेल तर आत सैल लेगिंग घालून या. एक्स-रे, चालू औषधांची यादी, रोज वापरायची चप्पल हे सोबत असू द्या. चपलेची टाच कुठल्या बाजूने झिजली आहे त्यावरून चालण्याबद्दल बरंच कळतं.

पहिल्या दिवशी फिजिओने तुम्हाला प्रश्न विचारले पाहिजेत. कधी दुखतं, चढताना की उतरताना? घरात जिना आहे का? संडास भारतीय की कमोड? स्वयंपाकघरात सलग किती वेळ उभं राहता? मग गुडघा किती वाकतो, पूर्ण सरळ होतो का, मांडीत ताकद किती, तोल कसा आहे हे मोजलं पाहिजे. यातलं काहीच न करता कोणी सरळ पलंगावर झोपवून मशीन लावलं आणि 'दहा सिटिंग लागतील' असं सांगितलं, तर दुसरं क्लिनिक शोधा.

एक चाचणी घरीही करता येते. साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी वेळा जमलं तर पायांतली ताकद त्या वयाच्या मानाने कमी आहे. हा आकडा तारखेसकट वहीत लिहून ठेवा. दुखणं आज जास्त, उद्या कमी असं होत राहतं. पण हा आकडा दीड महिन्याने वाढलेला दिसला की उपचार लागू पडतोय हे कळतं.

मशीनचं काय?

टेन्स आणि आयएफटी (दोन्ही सौम्य करंट देणारी), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींची), शॉर्टवेव्ह डायथर्मी (लहरींनी आतून शेक देणारी), लेझर ही नावं कानावर पडतील. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत झिजेच्या सांध्यासाठी ही विजेवर चालणारी साधनं वापरू नका असं म्हटलं आहे, कारण फायद्याचा पुरावा पुरेसा नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हूमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचनांतही टेन्सच्या विरोधात स्पष्ट शिफारस आहे. दोन्ही ठिकाणी व्यायाम मात्र पहिल्या रांगेत आहे.

माझं मत थोडं मवाळ आहे. एखाद्याला दुखण्यामुळे पाय उचलवतच नसेल आणि दहा मिनिटं करंट किंवा शेक घेतल्यावर व्यायाम करायला धीर येत असेल, तर सुरुवातीच्या काही भेटींत ते वापरायला माझी हरकत नाही. पण तासाभराच्या भेटीत पन्नास मिनिटं मशीन आणि शेवटी घाईघाईत दोन व्यायाम, हे पैसे वाया घालवणं आहे. पेसमेकर असेल तर ते आधीच सांगा. डायथर्मी तर पेसमेकर असलेल्यांना किंवा त्या भागात धातूचं इम्प्लांट असलेल्यांना अजिबात चालत नाही.

हाताने सांधा किंवा वाटी सैल करणं, टेप लावणं यानेही काही जणांना तात्पुरता आराम पडतो. तेही पूरकच समजा.

व्यायाम: पहिले दोन आठवडे

सुरुवातीला तीन-चार व्यायाम पुरतात. दहा व्यायामांचा छापील कागद घरी नेणारे लोक आठवड्याभरात सगळेच सोडून देतात असा माझा अनुभव आहे.

पहिला व्यायाम दिसायला इतका साधा आहे की लोक तो मनावर घेत नाहीत, म्हणून तो सविस्तर सांगते. पलंगावर पाय लांब करून बसा, पाठ भिंतीला. टॉवेलची घट्ट गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा. पायाची बोटं स्वतःकडे ओढा आणि गुडघ्याची मागची बाजू टॉवेलवर दाबा. वाटीच्या वर, मांडीच्या पुढच्या भागावर हात ठेवा. तिथला स्नायू हाताखाली दगडासारखा घट्ट झाला पाहिजे आणि वाटी किंचित वर सरकली पाहिजे. पाच अंक मोठ्याने मोजा, मग पूर्ण सोडा. मोठ्याने मोजायचं कारण असं की मनात मोजताना माणूस श्वास रोखतो आणि रक्तदाब असलेल्यांना ते चांगलं नाही.

बहुतेक जण इथे काय करतात? मांडी सैल ठेवून कुल्ले आवळतात किंवा सगळा पाय टाचेवर रेटतात. चेहऱ्यावर खूप कष्ट दिसतात, पण हात ठेवून पाहिलं तर मांडीचा स्नायू झोपलेलाच. अशा वेळी मी आधी चांगल्या पायावर करायला लावते. तिथे स्नायू कसा आवळतो ते हाताला कळलं की दुखऱ्या पायावरही जमतं. दोन्ही पाय एकदम दाबले तरी काही जणांना सोपं जातं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. टीव्हीवरच्या मालिकेच्या जाहिरातींत सहज होतं.

दुसरा, सरळ पाय उचलणं. पाठीवर झोपा, चांगला पाय गुडघ्यात वाकवून तळवा गादीवर. दुखऱ्या पायाची मांडी आधी पहिल्या व्यायामासारखी आवळा, गुडघा न वाकवता पाय दुसऱ्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचला, पाच मोजा, सावकाश खाली. पाय उचलताना गुडघा जरासा वाकत असेल तर अजून ताकद आलेली नाही. पहिल्या व्यायामावर आणखी काही दिवस थांबा. कंबर दुखत असेल तर फिजिओला विचारून मगच करा.

तिसरा, टाच सरकवणं. झोपून टाच गादीवरून हळूहळू कुल्ल्याकडे ओढायची, जमेल तितका गुडघा वाकवायचा, परत सरळ. सांधा मोकळा ठेवण्यासाठी.

आणि चौथा, जो बरेचदा राहून जातो: गुडघा पूर्ण सरळ करणं. पाय लांब करून फक्त टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याला आपल्या वजनाने खाली जाऊ द्या, चार-पाच मिनिटं. गुडघा पाच-दहा अंश वाकलेलाच राहिला तर माणूस लंगडतो, मांडी सतत ताणलेली राहते आणि थकते. याच कारणासाठी रात्रभर गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. उशीने बरं वाटतं हे खरं, पण महिन्याभराने गुडघा त्याच वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग तो सरळ करायला फार वेळ जातो. कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या, त्याने काही बिघडत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून: उभं राहून

पलंगावरचे व्यायाम जमले की तिथेच अडकून राहू नका. आयुष्यात आपल्याला खुर्चीतून उठायचं असतं, एसटीची पायरी चढायची असते, रेल्वेचा पूल ओलांडायचा असतो. व्यायामही त्या दिशेने गेले पाहिजेत.

माझा सगळ्यांत आवडता व्यायाम खुर्चीतून उठणं. सुरुवातीला खुर्चीवर घडी केलेली सतरंजी किंवा कडक उशी ठेवून बसण्याची जागा उंच करा. पुढच्या काठावर सरकून बसा, पावलं खांद्यांइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. पुढे झुका, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल, आणि मग उठा. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका. बसताना धपकन बसायचं नाही, तीन अंक मोजत खाली यायचं. खरी ताकद या सावकाश बसण्यातच येते. आठ ते दहा वेळा, मध्ये थांबून असे दोन-तीन फेर. सोपं वाटू लागलं की सतरंजीची एक घडी काढा.

यासोबत खुर्चीत बसून पाय समोर सरळ करणं, आधी नुसता, मग घोट्याला अर्ध्या किलोचा वेट कफ बांधून, मग एक किलोचा. ओट्याला धरून टाचा उचलणं. कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं. यात पायाची बोटं छताकडे वळू द्यायची नाहीत आणि कंबर मागे कलू द्यायची नाही. कमरेच्या बाजूचे हे स्नायू कमजोर असले की चालताना शरीर डोलतं आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. ओट्याला बोट टेकवून एका पायावर दहा सेकंद उभं राहण्याचा सरावही ठेवा, तोलासाठी.

पायरी चढण्याचा व्यायाम जिन्याच्या खालच्या पायरीवर, कठड्याला धरून करा. लाकडी पाटावर करू नका, तो सरकतो.

वजन लावलेले व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटची दोन-तीन वेळा करताना कष्ट पडले पाहिजेत. वीस-पंचवीस वेळा अगदी सहज होतंय तर तो व्यायाम आता तुम्हाला अपुरा आहे, वाढवायची वेळ झाली. वर्षभर तेच अर्धा किलो वजन उचलणारे लोक मी पाहते, आणि वाईट वाटतं, कारण नियमितपणा असूनही फळ मिळत नाही.

डेन्मार्कमध्ये २०१३ साली 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. आधी माहितीची दोन सत्रं, मग आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे फिजिओच्या देखरेखीखाली व्यायामाची १२ सत्रं. तो नंतर बऱ्याच देशांत पोचला. ही चौकट मला इथेही व्यवहार्य वाटते: सहा आठवडे शिकून घ्या, मग घरी चालू ठेवा. दवाखाना लांब असेल तर व्हिडिओ कॉलचाही विचार करा. जुनाट गुडघेदुखीवर ऑस्ट्रेलियात झालेली एक मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात व्हिडिओ कॉलवर फिजिओने दिलेला उपचार प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी पडला नाही. गावाकडे राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी ही चांगली बातमी आहे. मोबाइल स्टुलावर नीट उभा करायला नातवंडांपैकी कोणी असलं म्हणजे झालं.

किती दुखलं तर चालेल?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि याचं उत्तर न मिळाल्यामुळेच लोक व्यायाम सोडतात. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होणारच नाही, असं माप मनात धरा. व्यायाम करताना दोन-तीनपर्यंत दुखणं ठीक आहे. चार-पाचपर्यंत गेलं तर सावध राहून करा. त्याच्या वर गेलं तर थांबा. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं आणि सूज वाढली नाही, तर कालचा व्यायाम बरोबर होता. सकाळी गुडघा सुजलेला आणि जास्त दुखरा असेल तर व्यायाम बंद करायचा नाही, निम्मा करायचा.

मांडी भरून येणं, स्नायू ठणकणं हे वेगळं. ते पहिल्या आठवड्यात होणारच, दोन दिवसांत जातं. गुडघ्यातून कटकट आवाज येतो पण दुखत नाही, त्याकडे लक्ष देऊ नका.

आता अपेक्षांबद्दलही सांगायला हवं. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये गुडघ्याच्या व्यायामावरच्या १३९ चाचण्यांचा आढावा घेतला. दुखणं आणि हालचाल दोन्ही सुधारतात, पण सरासरी पाहता सुधारणा फार मोठी नसते, असं त्यातून दिसतं. म्हणजे आठवड्यात चमत्कार होणार नाही. ताकद यायला सहा ते आठ आठवडे लागतात. पण या व्यायामाचे दुष्परिणाम जवळपास नाहीत आणि रोजच्या गोळ्यांनी पोटाला आणि किडनीला होणारा त्रास पाहता मला हा सौदा कधीही पटतो.

चालणं, वजन

सपाट रस्त्यावर, नरम तळाचे बूट घालून चाला. एकदम चाळीस मिनिटं जमत नसतील तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, फायदा तोच. घरात उभी सायकल असेल तर ती उत्तम. पायडल सगळ्यांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट उंच करा. तरणतलावाची सोय असेल तर छातीइतक्या पाण्यात चालणं जड शरीराच्या लोकांना फार सुखावह वाटतं.

वजनाबद्दल बोलताना मी कुणाला दोष देत नाही. दुखऱ्या गुडघ्याने हालचाल कमी होते आणि वजन वाढतं, हे उलटंही खरं आहे. पण हिशोब ऐकून ठेवा. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या साधारण अडीच पट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास. २००५ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, नॉर्थ कॅरोलिनातल्या ४५४ लोकांवरच्या दीड वर्षाच्या चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं. नव्वद किलोच्या माणसाने पाच किलो उतरवले तरी गुडघ्याला ते जाणवतं. साखरेचा चहा दिवसातून चारदा होत असेल तर सुरुवात तिथून करा.

घरातले बदल

गुडघा पूर्ण वाकवून बसणं त्याला सगळ्यांत जड जातं, आणि आपल्या घरात त्याचे प्रसंग पावलोपावली. भारतीय संडासावर बसवता येणारी कमोड खुर्ची सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळते. बाजूच्या भिंतीला धरायला पक्की दांडी बसवून घ्या. आंघोळीला बुटक्या पाटाऐवजी रबरी बूच असलेलं उंच स्टूल. खोल, मऊ सोफ्याऐवजी कडक बैठकीची खुर्ची, जिची उंची गुडघ्याच्या मागच्या घडीइतकी किंवा थोडी जास्त असेल. स्वयंपाकघरात निवडणं-चिरणं टेबलावर बसून करा आणि सलग उभं राहायची वेळ आली तर दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चाला.

मांडी घालून बसणं आयुष्यभर बंद, असं मी सरसकट सांगत नाही. आरती-पूजेला थोडा वेळ बसता येत असेल आणि नंतर त्रास होत नसेल तर बसा, मध्ये पाय लांब करा. वज्रासन मात्र दुखऱ्या गुडघ्याने हट्टाने करू नका. जमिनीवरून उठताना सरळ वर उठायची धडपड नको. आधी हातांवर आणि गुडघ्यांवर या, गुडघ्याखाली गोधडी असू द्या, समोर खुर्ची ठेवा. चांगल्या पायाचं पाऊल पुढे टाका, दोन्ही हात खुर्चीवर दाबा आणि त्या पायाच्या जोरावर उठा.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठडा धरायचाच.

काठी हातात घ्यायला लोकांना, विशेषतः साठीतल्या बायकांना, लाज वाटते. मला याचं वाईट वाटतं, कारण काठी हा स्वस्त आणि लगेच लागू पडणारा उपाय आहे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरतात आणि ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडते. त्याच बाजूला धरली तर उलट त्या बाजूला झुकणं वाढतं. चपला घालून, हात मोकळा सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली की उंची बरोबर. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदला, पावसाळ्याआधी तर नक्कीच.

नी कॅपने ऊब आणि धीर मिळतो, बाहेर जाताना घाला, पण झोपताना काढा. दिवसभर तिच्यावर विसंबून मांडीचे व्यायाम सोडू नका. गुडघा डगमगत असेल किंवा पाय एका बाजूला वाकला असेल तर कडेला पट्ट्या असलेला ब्रेस लागतो, तो फिजिओच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच मापाप्रमाणे घ्या.

दुखणं उसळलं तर

लग्नघरी दिवसभर उभं राहणं झालं, देवदर्शनाला पायऱ्या चढल्या, आणि गुडघा सुजला. असे दिवस येतातच. गरम आणि सुजलेल्या गुडघ्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सूज नाही, नुसतं आखडलंय, तर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा-वीस मिनिटं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असेल तर पाण्याचा गरमपणा आधी हाताच्या आतल्या बाजूला तपासा, नाहीतर भाजल्याचं कळतही नाही. सुजलेला गुडघा कुणाकडून जोराने चोळून घेऊ नका. वेदनाशामक मलम लावायचं असेल तर डॉक्टरांना विचारून.

या दोन-तीन दिवसांत पलंगावरचे पहिले व्यायाम चालूच ठेवा, उभ्याचे थांबवा. सूज उतरली की जिथे सोडलं होतं त्याच्या एक पायरी खालून पुन्हा सुरू करा.

शस्त्रक्रियेचा विचार कधी

तीन महिने नीट, वाढवत नेलेला व्यायाम करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे सांधेबदलाबद्दल मोकळेपणाने बोला. दुर्बिणीतून गुडघा 'धुऊन' घेण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. नुसत्या झिजेसाठी ती शस्त्रक्रिया करू नये असंच नाइसचं म्हणणं आहे. सांधेबदल ठरला तरी तारखेपर्यंत व्यायाम सोडू नका. ऑपरेशननंतर पहिल्याच आठवड्यात फिजिओ तुम्हाला मांडी आवळायला, टाच सरकवायला आणि गुडघा पूर्ण सरळ करायला सांगेल, आणि ज्यांना हे आधीपासून येतं त्यांना दुखण्यात नवीन काही शिकावं लागत नाही.